कासव आणि सापांची पिल्ले: हात न लावता कशी पाहाल?

उन्हाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या किनाऱ्यांवरून समुद्राकडे निघालेल्या कासवांच्या पिल्लांचे व्हिडिओ दरवर्षी मोबाइलवर येतात. पावसाळा लागला की सापांच्या पिल्लांचे येतात. त्यात पिल्लू अनेकदा कुणाच्या तरी तळहातावर असते. तो तळहात दोघांसाठीही धोक्याचा आहे.

पिल्लांना आई सांभाळत नाही का?

समुद्री कासवाची मादी वाळूत खड्डा करून साधारण शंभर अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. बहुतेक सापही अंडी किंवा पिल्ले सोडून निघून जातात. त्यामुळे पिल्लू पहिल्या दिवसापासून स्वतःच्या जिवावर जगते. सापडलेले पिल्लू म्हणजे ‘हरवलेले पिल्लू’ नव्हे.

कासवांची पिल्ले कुठे दिसतात?

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास यासाठी प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले. घरटी कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. सुमारे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. त्यांना थेट पाण्यात न टाकता वाळूवर सोडतात आणि ती स्वतः चालत जातात. समुद्राच्या बाजूचे उजळ क्षितिज पाहून ती दिशा धरतात. म्हणून टॉर्च किंवा फ्लॅशने ती भरकटू शकतात. दोरीमागे उभे राहून पाहायचे, ते यासाठीच.

सापाचे पिल्लू दिसले तर?

लहान आहे म्हणून विष नसेल, हा समज जीवघेणा आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची पिल्ले जन्मापासून विषारी असतात. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांत तर भलेभले फसतात. त्यामुळे लांबूनच पाहा, मोबाइलचा झूम वापरा. पिल्लू घरात असेल तर त्याच्यावर लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. चावा झालाच तर मंत्र-तंत्र नको, चिरा देणे नको. थेट रुग्णालय गाठा.

घरी पाळता येतील का?

ऑलिव्ह रिडले आणि स्टार कासव यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ती पाळणे गुन्हा आहे. दुकानात मिळणारे लाल कानपट्टीचे छोटे कासव मूळचे अमेरिकेतले. ते काही वर्षांत ताटाएवढे होते आणि दोन-तीन दशके जगते. कंटाळून तळ्यात सोडले, की तिथल्या देशी कासवांच्या अन्नात आणि जागेत वाटेकरी होते. शिवाय कासवांपासून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होतो. म्हणून अमेरिकेने १९७५ मध्येच चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

मग सरीसृपप्रेमींनी काय करावे? हंगामात वेळासला जावे, गावातल्या घरीच मुक्काम करावा. गावाला कासवांमुळे चार पैसे मिळाले, की घरटी राखायला गावच पुढे येते. आणि तळहातावरच्या पिल्लाचा व्हिडिओ आला, तर तो पुढे पाठवू नये.