इलेक्ट्रॉनिक गाणं बनवताना पट्टी कोणती निवडायची?

आर्वीत असो की वर्धा नदीपलीकडच्या मोझरीत, भजनाला बसताना पेटीवाला आधी विचारतो, "पट्टी कोणती?" गाणारा "काळी एक" म्हणतो, पेटीवाला तो सूर धरतो, तबला त्याच सुरात मिळवला जातो आणि मगच भजन सुरू होतं. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर गाणं बनवायला बसलेल्या नवशिक्यासमोरही हाच प्रश्न येतो. फक्त तिथे पट्टीला 'की' म्हणतात. सी मेजर, एफ शार्प मायनर अशी २४ नावं समोर येतात आणि पहिलं गाणं तिथेच अडतं.

एका नावात दोन गोष्टी

'ए मायनर' या नावात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'ए' म्हणजे षड्ज कुठे ठेवायचा. पेटीच्या भाषेत पांढरी सहा. 'मायनर' म्हणजे त्या षड्जापासून कोणते स्वर घ्यायचे. मेजरचे स्वर म्हणजे बिलावल थाटाचे, सगळे शुद्ध. साध्या मायनरचे स्वर म्हणजे आसावरी थाटाचे. त्यात गंधार, धैवत आणि निषाद कोमल असतात.

गाण्याचा भाव मुख्यतः दुसऱ्या गोष्टीवर ठरतो. 'डी मायनर सगळ्यात उदास' अशी वाक्यं इंटरनेटवर भरपूर सापडतात. जुन्या काळी युरोपात वाद्यं जुळवायची पद्धत वेगळी होती, त्यामुळे पट्टी बदलली की गोडीही थोडी बदलायची. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सप्तकाचे १२ समान भाग असतात. त्यामुळे षड्ज हलवला की गाणं वर किंवा खाली जातं, पण स्वरांमधलं अंतर तेच राहतं.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक असलेल्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे ते राग होते. वाद्यं आणि ठेक्याची पद्धत तीच असली, तरी स्वरांची निवड बदलली की रंग बदलतो. २०१० मध्ये ही तबकडी पुन्हा प्रकाशित झाली आणि जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

गाणारा असेल तर आवाज ठरवतो

गाण्यात आवाज असणार असेल, तर पट्टी गायकाची. बीट आधी पूर्ण करायची आणि मग गायिकेला बोलवायचं, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. पुरुष गायक अनेकदा काळी एकच्या आसपास गातात, तर स्त्रिया काळी चार किंवा पाचला. म्हणजे जवळजवळ पंचमाचा फरक. पुरुषाच्या पट्टीत बनवलेल्या गाण्यात गायिकेचा आवाज खाली दबतो, आणि तीच चाल एक सप्तक वर घेतली तर फुटतो. दोष मात्र तिच्या गाण्याला दिला जातो.

पट्टी काढायची रीत सोपी आहे. चालीतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर शोधायचा. गायकाला न ताणता कुठपर्यंत जाता येतं, ते पेटीवर पाहायचं. समजा, चालीत सगळ्यात वर तार सप्तकातला शुद्ध गंधार आहे आणि गायक पांढरी पाचपर्यंत सहज पोहोचतो. शुद्ध गंधार षड्जापासून चार घरं वर असतो. म्हणून पांढरी पाचपासून काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत चार घरं खाली यायचं. षड्ज काळी दोनवर येतो. मग खालचे स्वरही नीट लागतात का, ते एकदा तपासायचं.

आवाज नसेल तर बेस ठरवतो

फक्त वाद्यसंगीत असेल, तर बेसकडे पाहावं. सगळ्यात खालचा 'सी' सुमारे ३३ हर्ट्झचा, त्यावरचा 'ई' सुमारे ४१ आणि 'ए' ५५ हर्ट्झचा. ३३ हर्ट्झचा सूर बऱ्याच स्पीकरवर हरवतो. बेस एक सप्तक वर नेला, तर ऐकू येतो पण छातीत जाणवणारा धक्का कमी होतो. म्हणून नाचाच्या संगीतात ई, एफ, जी, ए या पट्ट्या सोयीच्या पडतात. मोबाइलच्या स्पीकरवर तर यातलं काहीच नीट ऐकू येत नाही, त्यामुळे बेस तपासायला हेडफोन हवाच.

काहीच सुचत नसेल तर काळ्या पट्ट्या

कीबोर्डवरच्या फक्त पाच काळ्या पट्ट्या वापरल्या, तर बेसूर वाटेल असा स्वर सहसा लागत नाही. षड्ज कुठला मानला, त्यावर स्वरांचा राग बदलतो:

- काळी एक: दुर्गा
- काळी दोन: धानी
- काळी तीन: भूप
- काळी चार: मध्यमाद सारंग
- काळी पाच: मालकंस

षड्जाचा सूर बेसमध्ये धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा. वर त्याच पाच पट्ट्यांवर चाल शोधायची. पट्ट्या त्याच, पण काळी तीनवर प्रसन्न वाटणारं गाणं काळी पाचवर गंभीर होतं.

नंतर बदलता येते का?

येते. सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले स्वर एकत्र निवडून वर-खाली सरकवता येतात. रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं तसं नाही. एक-दोन घरं चालतात, त्यापुढे आवाज कृत्रिम वाटू लागतो. म्हणून पट्टी पक्की करायची ती रेकॉर्डिंगच्या आधी.

दुसऱ्या गाण्याला जोडून वाजवायचं असेल, तर शेजारच्या पट्ट्या बऱ्या. ए मायनरला सी मेजर जुळतो, कारण दोघांचे स्वर तेच. डी मायनर आणि ई मायनर या प्रत्येकीत ए मायनरपेक्षा एकाच स्वराचा फरक असतो.

पहिल्या गाण्यासाठी एवढं पुरेसं आहे. आधी गायकाला गुणगुणायला लावायचं आणि त्याचा षड्ज सापडला की मग बीटला हात घालायचा. भजनी मंडळात पेटीवाला करतो तेच.