शाकेन झालं म्हणजे ऑइल झालं, असं नाही

जपानमध्ये गाडी घेतलेल्या आईबाबांनो, बॉनेट शेवटचं कधी उघडलं होतं? "शाकेनमध्ये बघतात की सगळं," असं तुमचं उत्तर असेल, तर थोडा इतिहास वाचाच.

इथला वाहन कायदा १९५१ चा. तेव्हा गाड्या थोड्या आणि इंजिनं नाजूक. म्हणून जुन्या नियमात गाडी बाहेर काढण्याआधी दिवसातून एकदा तपासायची, असा दंडक होता. गाड्या सुधारल्या तसे नियम सैल झाले. १९८३ मध्ये नव्या खासगी गाडीचं पहिलं शाकेन दोनऐवजी तीन वर्षांवर गेलं. १९९५ मध्ये तर दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचं दरवर्षीचं शाकेन दोन वर्षांवर आलं, खासगी गाड्यांची सहामाही तपासणी रद्द झाली आणि रोजच्या तपासणीऐवजी "अंतर आणि गाडीची अवस्था बघून योग्य वेळी" असं ठरलं.

वाचून वाटतं, सुटलो! पण माझ्या मते सरकारने ओझं उतरवलं नाही, आपल्या खांद्यावर दिलं. गाडी नीट ठेवणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी, हे त्याच बदलांत स्पष्ट झालं. घरी करायच्या तपासणीच्या १५ बाबींमध्ये इंजिन ऑइलची पातळी आजही आहे. शाकेनचा तपासनीस ब्रेक, दिवे, धूर, गळती बघतो. ऑइल किती जुनं झालंय, हा त्याचा विषयच नाही. गॅरेजवाला त्या निमित्ताने बदलून देईलही, पण मग पुढचा मुहूर्त दोन वर्षांनी!

आणि आपली गाडी धावते किती? होइकुएन, स्टेशन, सुपरमार्केट, घर. जपानी कंपन्यांच्या पुस्तिका अशा वारंवार छोट्या फेऱ्यांना, साधारण ८ किमीच्या आतल्या, "कठीण वापर" म्हणतात. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे ऑइलमध्ये शिरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. अशा वापरात ऑइल बदलायची मुदत बऱ्याचदा निम्मी होते. टर्बोवाल्या केई गाडीला ती आणखी कमी असते. तेव्हा "आम्ही फारशी चालवत नाही" ही सबब इथे उलटी पडते. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावरही विसंबू नका, तो ऑइलचा दाब पडल्यावर लागतो. तोवर उशीर झालेला असतो.

तपासणं सोपं आहे. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा. गेज ओढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला, मग बघा. खुणा दोन असतात, ऑइल त्यांच्या मध्ये हवं. काठोकाठ भरू नका, जास्त ऑइलनेही इंजिनाचं नुकसान होतं. भारतातल्या सवयीने "जाड ऑइल चांगलं" असंही समजू नका. इथल्या बऱ्याच नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-२० किंवा त्याहून पातळ लागतं. पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला.

बदलून घ्यायला दुकानं गल्लोगल्ली आहेत. ऑटोबॅक्स या नावातला "ओ" ऑइलचाच! १९७४ मध्ये ओसाकाकडे पहिलं दुकान निघालं तेव्हापासून हे काम टायर-बॅटरीइतकंच सामान्य झालंय. बदलल्यावर पुढची तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावतात, त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा.

स्वतः बदलणार असाल तर ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला आणि जुनं ऑइल गटारात अजिबात नको. ते शोषून घेणारा खोका होम सेंटरमध्ये मिळतो. तो मोएरु गोमीत चालतो की नाही, हे मात्र तुमच्या कुच्या किंवा शहराच्या कचरापत्रकात आधी बघा. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा.