गिरणीखालची माती

सोलापूर म्हटलें कीं चादर डोळ्यांपुढें येते. तिला रंग देतांना जमिनींत काय मुरलें, हें मात्र आपण सहसा विचारीत नाहीं. हा प्रश्न इतिहासाचाही आहे, असें आम्हांस वाटतें.

मोरारजी गोकुळदास यांनीं 1874 मध्यें येथें जी गिरणी स्थापिली, तीच पुढें 'जुनी मिल' म्हणून ओळखली जाऊं लागली. 1949 च्या ऑगस्टमध्यें ती बंद पडली आणि 1950 च्या जानेवारींत केंद्र सरकारनें वटहुकूम काढून तिचा कारभार हातीं घेतला. भागधारकांनीं सर्वोच्च न्यायालय गांठलें. 1950 च्या निवाड्यांत सरकारची बाजू टिकली; 1953 मध्यें मात्र दुसऱ्या दाव्यांत, भरपाईवांचून मालमत्ता घेतली म्हणून, तो वटहुकूम अवैध ठरला. भागधारकाचा हक्क आणि सरकारचा अधिकार यांचा तेथें कसून विचार झाला. गिरणीखालच्या मातीचा पक्ष मांडणारा मात्र कोणी नव्हता. तशी तेव्हां रीतही नव्हती.

तो पक्ष हलका नाहीं. कापडगिरण्यांच्या रंगखात्यांत कॉस्टिक सोडा, गंधकी रंग, रंग पक्का करणारे क्रोमियमचे क्षार वापरीत. खातें बंद झालें तरी सांडलेलें द्रव्य जमिनींत उरतें. सोलापूरची काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात. कांहीं धातू तिच्या कणांस चिकटून राहतात. परंतु क्रोमियमचें विषारी रूप पाण्याबरोबर विहिरीपर्यंत पोहोंचूं शकतें. लोहाच्या क्षारांनीं त्यास सौम्य रूप देतां येतें. मग तें बहुतांशीं जागींच स्थिरावतें. माती खणून नेणें हा दुसरा उपाय. पण ती दुसऱ्या गांवच्या शिवारांत टाकणें ही शुद्धि नव्हे. अमुक गिरणीची जमीन दूषित आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र नमुने तपासल्यावांचून तिला निर्दोषही म्हणतां येत नाहीं.

केंद्र सरकारनें 2025 च्या जुलैमध्यें दूषित स्थळांविषयीं नियम केले. शुद्धीचा खर्च दूषण करणाऱ्यानें सोसावा, हें त्यांचें सूत्र. परंतु जी कंपनीच उरली नाहीं, तिच्याकडून वसुली कशी व्हावी? तेथें भार शेवटीं सरकारी तिजोरीवर, म्हणजे आपणांवरच येतो. म्हणून जुन्या गिरण्यांच्या जागीं घरें उठण्यापूर्वीं रंगखातें कोठें होतें, सांडपाणी कोणत्या नाल्यानें जात असे, हें वृद्ध कामगारांस विचारून लिहून ठेवावें. कागदोपत्रीं न सांपडणारी ही माहिती त्यांच्या स्मरणांत आहे. आणि ते कांहीं आपणांस कायमचे लाभलेले नाहींत.