कावीळ : एक नाव, दोन कुळे

डोळे पिवळे दिसले की कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात एकच शब्द येतो, कावीळ. संस्कृतातल्या ‘कामला’चे हे मराठी रूप. रंग पाहून ओळखायचा रोग, त्यामुळे या एका नावाखाली निरनिराळे आजार पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले.

‘लस’ हा शब्दही असाच डोळ्यांना दिसलेल्या गोष्टीचा. जखमेतून पाझरणाऱ्या चिकट पाण्याला आपण आजही लस म्हणतो. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला देवी टोचली आणि तिच्या फोडातले पाणी घेऊन पुढच्या मुलांना टोचले. त्या पाण्याचे नाव मग प्रतिबंधक औषधालाच मिळाले.

पाण्यातून येणाऱ्या काविळीवर लस यायला मात्र जवळजवळ दोन शतके लागली. १९७३ मध्ये अमेरिकेत स्टीफन फाइनस्टोन आणि सहकाऱ्यांना रुग्णाच्या विष्ठेत या काविळीचा एक विषाणू, हिपॅटायटिस ‘ए’, दिसला, १९७९ मध्ये तो प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवता आला आणि नव्वदीच्या सुरुवातीला लस निघाली. दरम्यान दिल्लीतल्या १९५५-५६ च्या प्रचंड साथीचे जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले, तर ती साथ ‘ए’ची नव्हतीच. त्या दुसऱ्या कुळाला पुढे ‘ई’ नाव पडले.

हा फरक किती मोलाचा, ते २०१२ मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीने सोसले. ती साथ ‘ई’ची होती. ‘ए’ची लस घरोघर टोचली असती, तरी तिने तिथे एकही माणूस वाचवला नसता. दोन्ही विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून येतात, पण एकाची लस दुसऱ्याला रोखत नाही.

‘ए’च्या बाबतीत मात्र लस कोणाला द्यायची, यावर साथीचे भवितव्य ठरते. लहानपणी हा आजार बहुधा नकळत होऊन जातो आणि जन्मभराचे संरक्षण देतो. मोठेपणी तोच यकृताला जड जातो. शिवाय लहान मुलेच तो नकळत घरभर पसरवतात. म्हणून इस्रायलने १९९९ पासून दीड-दोन वर्षांच्या सर्व मुलांना दोन डोस दिले आणि रोग नव्वद टक्क्यांहून अधिक घटला, लस न घेतलेल्या मोठ्यांमध्येसुद्धा. अर्जेंटिनाने २००५ पासून वर्षाच्या बाळाला एकच डोस दिला, तरी साथी ओसरल्या. साथ सुरू झाल्यावरही संपर्कात आलेल्यांना दोन आठवड्यांच्या आत टोचले, तर उपयोग होतो.

२०२३ च्या दिवाळीत थेट पाइपलाइनने काळम्मावाडी धरणाचे पाणी कोल्हापुरात आले. पाणी सुधारते तशी ‘ए’शी लहानपणी गाठ न पडलेली मुले वाढतात, आणि पुढे कॉलेजच्या वयात बाहेरच्या एखाद्या ग्लासातून ती गाठ पडते. म्हणजे चांगल्या पाण्यामागोमाग लसीची गरजही वाढते. ही लस आज सरकारी लसीकरणात नाही. ज्याला परवडते तो खासगी दवाखान्यात घेतो. ती प्रत्येक बाळाला मिळायला हवी. आणि डोळे पिवळे झाले, तर गळ्यात काविळीची माळ घालण्याआधी रक्त तपासून विचारायला हवे : कावीळ खरी, पण कुठल्या कुळाची?