करडईचा काटा

शिरवळहून लोणंदमार्गे फलटणला जाणारा रस्ता पर्जन्यछायेच्या मुलखातून जातो. नीरेच्या कालव्याचे पाणी येण्यापूर्वी इथल्या काळ्या रानात रब्बीचा भरवसा शाळू आणि करडईवर. करडईचे सोटमूळ खोल जाते, पावसाने मुरवलेली ओल शोधते आणि नंतर थेंबही न पडता पीक उभे राहते. या पिकाचा इतिहास सहसा तेलाच्या टक्केवारीने सांगितला जातो. मला तो काट्यापासून सुरू करावासा वाटतो.

शाळूच्या वावराच्या कडेने पाभरीची दोन-चार तासे करडईची असत. पाने कोवळी असताना त्यांची भाजी होई. पुढे पानांच्या कडांना आणि बोंडांना काटे आले की गुरे त्या बाजूला फिरकत नसत. पाकळ्यांपासून कुसुंबी रंग, दाण्यांपासून घाण्याचे तेल आणि झाडापासून कुंपण, असे तिहेरी उत्पन्न होते. म्हणजे काटा हा दोष नव्हता, गुण होता.

पण त्याचा हिशेब काढणीला चुकवावा लागे. हातापायांना फडकी गुंडाळून, पहाटेच्या दंवाने काटे मऊ पडलेले असतानाच कापणी करायची. ऊन चढले की हात थांबवायचा. पीक सलग शेतात घेतले जाऊ लागले, मजुरी वाढली, आणि कुंपणाचा काटा मजुराच्या हातात रुतू लागला. सोलापूरच्या संशोधनातून 1982 साली आलेल्या ‘भीमा’ वाणाने अवर्षणात टिकून चांगले उत्पन्न दिले. तोही काटेरीच होता.

काटा काढणे सोपे नव्हते. बिनकाट्याच्या करडईला उत्पन्न आणि तेल कमी, असा अनुभव होता. शिवाय काटेरीपणाचा गुण सहसा प्रभावी असतो. त्यामुळे बिनकाट्याचा संकर हवा तर दोन्ही पालक बिनकाट्याचे आणि तरीही कसदार लागतात. ही गाठ फलटणला सुटली. बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-6’ हा वाण आणि ‘नारी-एनएच-1’ हा जगातला पहिला बिनकाट्याचा संकरित वाण दिला. 2001 साली दोन्ही प्रसारित झाले. त्यांच्या दाण्यात तेल सुमारे 35 टक्के; ‘भीमा’त 30 टक्क्यांच्या आसपास. पाकळ्या खुडणेही आता सुसह्य झाले आणि त्यांचा चहा होऊ लागला.

तोवर मात्र कालव्याखालच्या रानात ऊस स्थिरावला होता आणि बाजारात आयातीचे पामतेल स्वस्त होते. महाराष्ट्रातले करडईचे क्षेत्र घटतच गेले. हाताला सोसेल अशी करडई तयार झाली, तेव्हा तिच्याकडे वळणारे हातच कमी झाले होते.

संशोधनाचे यश म्हणूनच नुसत्या टक्क्यांत मोजू नये. पिकाचा कोणता गुण कुणाच्या सोयीचा आणि कुणाच्या अंगाला बोचणारा, हा प्रश्न वाण निवडताना पहिला विचारायला हवा. करडईच्या बाबतीत तो फार उशिरा विचारला गेला.