पायाखालचा प्रीॲम्प

दोन बेस गिटार घेऊन कार्यक्रमाला जाणाऱ्या वादकाच्या पायाशी हल्ली एक छोटी पेटी असते. तिच्यात दोन केबली शिरतात आणि एक बाहेर पडते. बटणावर पाय पडला की पहिला बेस गप्प होतो, दुसरा बोलू लागतो, आणि मिक्सरवरच्या साउंडवाल्याला फेडरला हातही लावावा लागत नाही. या पेटीचा शोध कुणा एकाने लावलेला नाही. ॲम्प्लिफायरच्या पोटातली कामं गेल्या सत्तरेक वर्षांत एकेक करून बाहेर पडली आणि वादकाच्या पायाशी येऊन एकत्र नांदू लागली. कोणतं काम कशासाठी वेगळं निघालं हे कळलं, की दुकानात कोणत्या पेटीकडे बोट दाखवायचं तेही कळतं.

कुळाचा मूळ पुरुष उभा डबल बेस. १९४०च्या दशकात न्यू यॉर्कच्या परिसरातला बेसवादक एव्हरेट हल एका नेहमीच्या अडचणीने गांजला होता. ट्रम्पेट आणि ड्रम्स सुरू झाले की डबल बेस बुडून जाई. त्याने वाद्याच्या तळाच्या खुंटीतून आत मायक्रोफोन बसवला, आणि त्यातूनच ॲम्पेग ही कंपनी उभी राहिली. कॅलिफोर्नियात फुलरटनला लिओ फेंडरने दुसरी वाट धरली. १९५१ साली त्याचा प्रिसिजन बेस आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला बेसमन हा ॲम्प. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल क्षीण असतो, आणि त्याच्यावर जास्त भार टाकला तर त्याची धारही जाते. म्हणून ॲम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हचं काम ठरलं: सिग्नल अलगद घ्यायचा, वाढवायचा, स्वराचा पोत ठरवणाऱ्या खुंट्यांतून न्यायचा आणि मग स्पीकर हलवणाऱ्या पॉवर विभागाकडे सोपवायचा. हा पहिला टप्पा म्हणजेच प्रीॲम्प.

१९६०च्या दशकातल्या बेसमनवर ‘बेस’ आणि ‘नॉर्मल’ असे दोन चॅनेल होते. दोन वाद्यं एकाच वेळी लावून ठेवता येत, पण दोन्ही चॅनेल सतत उघडेच असत. एक वाद्य बंद करायचं तर वाकून आवाजाची खुंटी फिरवायची किंवा केबल उपसायची. दोन वाद्यांचा विचार झाला होता, पण पायाचा झाला नव्हता.

याच सुमारास डेट्रॉइटमध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेस ॲम्पला पूर्ण वळसा घालून थेट कन्सोलमध्ये जाऊ लागला. एड वुल्फ्रम या तंत्रज्ञाने ट्रान्सफॉर्मर वापरून डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) पेटी बनवली. गिटारचा उच्च इम्पिडन्सचा सिग्नल ती कन्सोलला झेपेल अशा रूपात आणून देई. तिथला बेसवादक जेम्स जेमर्सनच्या प्रिसिजनचा स्वर असा सरळ टेपवर उतरला. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंडने अशीच सोय केली, आणि १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या शीर्षकगीतासाठी पॉल मॅकार्टनीचा बेस थेट नोंदवला गेला. बेसचा स्वर ऐकायला त्याच्यामागे ॲम्प असावाच लागतो, हा समज इथे ढासळला.

उत्तर कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या गोतावळ्यातून १९६९ साली निघालेल्या अलेम्बिक कंपनीने प्रीॲम्प दोन्ही दिशांना नेला. त्यांनी तो वाद्याच्या पोटात घातला. १९७२ साली बेसवादक जॅक कॅसडीसाठी बनवलेला बेस हा त्यांचा पहिला. शिवाय फेंडरच्याच मंडलावरून त्यांनी एफ-२बी हा रॅकमध्ये बसणारा व्हॉल्व्ह प्रीॲम्प बनवला, आणि त्यालाही दोन चॅनेल होते. १९७६ मध्ये म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने बॅटरीवर चालणारा ‘ॲक्टिव्ह’ बेस सर्वसामान्य दुकानांत आणला. इथूनच आजची डोकेदुखी सुरू झाली. ॲक्टिव्ह बेसचा सिग्नल बॅटरीविना चालणाऱ्या जुन्या पॅसिव्ह बेसपेक्षा सहज दुप्पट-तिप्पट जोरकस येऊ शकतो. ॲम्प बनवणाऱ्यांनी त्यावर दोन भोकांचा तोडगा काढला. ॲम्पेगच्या एसव्हीटी-सीएलवर एक इनपुट ० डेसिबलचं आणि दुसरं उणे १५ डेसिबलचं आहे. या दुसऱ्यात सिग्नलचा व्होल्टेज एक-पंचमांशाहूनही खाली येतो.

आता दोन बेस कशाला लागतात, तेही पाहू. १९६६ साली ॲम्पेगने फ्रेट नसलेला बेस विकायला काढला आणि दहा वर्षांनी जॅको पॅस्टोरियसने त्या स्वराचं वेड लावलं. खालच्या बी तारेचा पाच तारांचा बेसही रुळला. उभा आणि विजेचा असे दोन्ही बेस वाजवणारे तर पहिल्यापासून होते, जेमर्सनही त्यांतलाच. उभ्या बेसला आज बहुधा घोडीपाशी पिझो पिकअप असतो, आणि त्याचं गणित चुंबकी पिकअपपेक्षा निराळं आहे. पिझो हा विजेच्या दृष्टीने कपॅसिटर. समजा तो १ नॅनोफॅरडचा आहे आणि प्रीॲम्पचा इनपुट इम्पिडन्स १ मेगओहम आहे. या जोडीचा फिल्टर साधारण १६० हर्ट्झच्या खालचे सूर कापत जातो, आणि बेसची ई तार तर ४१ हर्ट्झवर वाजते. इम्पिडन्स १० मेगओहम केला की तीच सीमा १६ हर्ट्झवर उतरते आणि तळ परत भरतो. ‘पिझो लावला की आवाज पत्र्यासारखा येतो’ ही तक्रार पुष्कळदा चुकीच्या इनपुटची असते.

मोठ्या सभागृहांत बेस मागच्या ॲम्पपेक्षा श्रोत्यांकडे तोंड केलेल्या पीएच्या स्पीकरांतून जास्त ऐकू येऊ लागला, तशी सगळी कामं पायाशी उतरली. न्यू यॉर्कच्या अँड्र्यू बार्टाने १९८९ साली टेक २१ची सॅन्सॲम्प आणली. ॲम्पचा पोत पेडलमध्ये आला, आणि तिच्या बेससाठीच्या वंशजात डीआयही अंगचाच आला. राहिली होती निवड. कॅनडातल्या रेडियलच्या बेसबोनने दोन इनपुट, पायाने बदल आणि डीआय एकाच डबीत बसवले. ग्रेस डिझाइनच्या फेलिक्ससारख्या प्रीॲम्पांनी दोन्ही चॅनेलना स्वतःचा ईक्यू, म्हणजे पोत ठरवणाऱ्या खुंट्या, आणि तळाचे नको असलेले सूर कापणारा हाय-पास फिल्टर दिला.

म्हणून पेटी निवडताना आपले दोन बेस एकमेकांपासून नेमके कुठे वेगळे आहेत ते आधी पाहावं. दोन्ही पॅसिव्ह आणि चुंबकी असतील, फरक फक्त आवाजाच्या पातळीचा असेल, तर प्रत्येक इनपुटला वेगळी लेव्हल देणारा साधा प्रीॲम्प पुरतो. ईक्यू सामाईक असला तरी चालतं. एक ॲक्टिव्ह आणि एक पॅसिव्ह असेल तर ॲक्टिव्हचा जोर पहिल्या टप्प्यातच आवरणारा पॅड किंवा गेन हवा. आत फाटलेला सिग्नल पुढे लेव्हल कमी केल्याने सांधला जात नाही. फ्रेटलेसला मधल्या पट्टीत थोडी भर लागते आणि स्लॅपच्या बेसला तिथेच कपात, तेव्हा दोन स्वतंत्र ईक्यूंचे पैसे वसूल होतात. एक वाद्य पिझोचं असेल तर उच्च इम्पिडन्सचं इनपुट, फेज उलटवायचा स्विच आणि हाय-पास फिल्टर यांच्याविना भागत नाही. स्टँडवर ठेवलेला उभा बेस स्पीकरच्या आवाजाने आपोआप घुमू लागतो, म्हणून न वाजणारा चॅनेल खरोखर बंद व्हायला हवा.

जुन्या डीआयचं एक काम मात्र बेसांची जोडी कोणतीही असली तरी लागतं. मिक्सर आणि बेसचा ॲम्प वेगवेगळ्या वीजजोडणीवर असले की अर्थिंगमधून हम शिरतो. आपल्याकडे तो ५० हर्ट्झचा, म्हणजे ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी या स्वराला जवळजवळ चिकटलेला. तो ईक्यूने काढायला गेलात तर स्वरही जातो. पेटीवर ग्राउंड लिफ्टचा स्विच आणि आउटपुटला ट्रान्सफॉर्मर आहे का, हे पैसे देण्याआधी पाहून घ्यावं. डीआयची तार ईक्यूच्या आधीची की नंतरची हेही विचारावं. आधीची असेल, तर पायाशी जुळवलेला दोन बेसांचा समतोल फक्त स्टेजवर ऐकू येईल. श्रोत्यांपर्यंत तो पोचणार नाही.