वसईचे दर्शन

मोडनिंबच्या आसपासच्या शाळांतून आम्ही बत्तीस वर्षे इतिहास शिकविला. वसईचा वेढा हा धडा आम्हांस मुखोद्गत. परंतु प्रत्यक्ष वसई पाहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर, गेल्या मार्गशीर्षात आला. आमचे भाचे नोकरीनिमित्त तिकडे राहतात. कुर्डुवाडीस गाडी धरून मुंबईमार्गे त्यांच्या घरी पोहोचलो.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. पुढे दोनशे वर्षे तेथे त्यांचे संपन्न नगर नांदत होते. आज तटाच्या आत छपरे ढासळलेल्या चर्चच्या उंच भिंती उभ्या आहेत, आणि वज्रेश्वरी व नागेश्वर यांची मंदिरेही आहेत. चिमाजी अप्पांच्या सैन्याने मे १७३९ मध्ये सुरुंगांनी बुरूज फोडले व किल्ला शरण आला. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे या मोहिमेत होते.

आम्ही वर्गात येथेच थांबत असू. विजेत्यांनी शिबंदीस सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस स्वधर्म पाळण्याची मोकळीक दिली, हा तहाचा भाग परीक्षेस येत नाही म्हणून आम्ही गाळीत असू.

तिसऱ्या प्रहरी वाड्यांतून हिंडलो. केळीच्या बागा, पानवेली, दगडी विहिरी! आमच्या ज्वारीच्या काळ्या रानात वाढलेल्या डोळ्यांस ती हिरवळ अपूर्वच वाटली. एका घराच्या दाराशी क्रूस होता. तेथील वृद्ध बाईंनी आम्हांस ओसरीवर बसविले, पाणी दिले, हातावर सुकेळी ठेवली. "बाबा, तुम्ही पंढरपूरकडचे ना? पाऊस झाला का यंदा?" असे त्यांनी मराठीतच विचारले. 'वसई पडली, फिरंगी गेले' एवढेच वाक्य आम्ही शेकडो मुलांस उतरवून दिले होते. ही माणसे येथलीच, येथल्याच मातीची, हे आम्ही कधी सांगितले नाही. त्या ओसरीवर आम्हांस आमचीच लाज वाटली.

याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गमावले. त्यापूर्वी दोनच महिने यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांस हडपसरजवळ पराभूत केले होते. ज्या घराण्यांनी एकजुटीने वसई घेतली, त्यांच्याच कलहाने वसईस हा दिवस दाखविला. त्याचा शेवट तर आमच्या शेजारीच झाला. फेब्रुवारी १८१८ मध्ये बापू गोखले आष्टीस धारातीर्थी पडले.

ज्ञातिबांधवहो, आपल्या मंडळात दोन तट पडू पाहत असता हे लिहीत आहोत. मुलांस वसई अवश्य दाखवा. तहाच्या अटीही सांगा. वसई दूर वाटली तर आष्टी जवळ आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत आम्ही मुलांसह तेथे जाणार आहोत. दोन्ही तटांतील मंडळींनी आपली मुले पाठवावीत, ही नम्र विनंती.